मंगळवार

डॉक्टर म्हणाले, भाषेचा भाग गेला.
शालनकडे आता एकच शब्द उरलाय: मंगळवार.
पाणी हवं, मंगळवार.
कूस बदला, मंगळवार.
टीव्हीवरची बाई आवडली नाही की लांबवून, मंऽगळवार.
लोक विचारतात, मंगळवारी आला होता का झटका?
नाही. शुक्रवारी, भाकऱ्या थापताना.
तव्यावरची भाकरी मी आधी उलटली,
मग तिला उचललं.
हे अजून कुणाला सांगितलेलं नाही.

आधी पीएमटी, मग पीएमपी, एकतीस वर्षं कंडक्टर होतो.
फुकट कोण चाललंय ते पाठीवरून ओळखायचो.
आता एका शब्दाच्या पोटातले शब्द ओळखतो.
तेवीस झाले. नंबर घालून वहीत लिहिलेत.
वही वेबिलासारखी आखलीय:
सहा दहा, डावी कूस. आठ दहा, उजवी.
लघवी, रंग. गोळी, अर्धी.
शेवटी शेऱ्याचा रकाना, तो बहुतेक कोराच.
एकदाच लिहिलंय, हसली.

मुलगा नाशिकहून सांगतो, बाई ठेवा.
ठेवली होती. आजी आजी करायची.
शालन एकसष्टची आहे.
चौथ्या दिवशी अशा काही आवाजात मंगळवार म्हणाली
की बाई पिशवी घेऊन गेली.

अप्परला आमच्या जिन्यात बायका थांबवतात,
पुरुष असून किती करता हो.
माझ्या आईचं हिने सात वर्षं केलं,
याच लोखंडी कॉटवर.
तेव्हा जिन्यात हिला कुणी थांबवलं नाही.
मीही नाही.
मी ड्यूटीवर होतो.

मे महिन्यात एका दुपारी लाइट गेलेली,
आणि तिने वरणभात चौथ्यांदा थुंकला.
मी हात उचलला.
तो खाली आला ताटलीवर.
ताटली फरशीवर गरगरत राहिली, नाणं गरगरतं तशी,
आणि आम्ही दोघं
ती थांबायची वाट बघत राहिलो.

शेजारच्या नजमाला म्हटलं, जरा बसतेस?
खाली येऊन समोर आली ती बस पकडली.
पोरगेला कंडक्टर, हातात मशीन. कुठे काका?
हा प्रश्न मी लाखो वेळा विचारला असेल,
उत्तर देता येईना. म्हटलं, शेवटचा स्टॉप.
पास खिशात होता तरी तिकीट काढलं.
खिडकीत बसलो.
पुष्पमंगलपाशी रडू आलं,
बाहीला नाक पुसलं, कुणी बघितलं नाही.
बसमध्ये कुणी बघत नाही, हे मला माहीत असायला हवं होतं.

स्वारगेटला उतरलो. एसटी स्टँडात सांगोल्याची गाडी लागलेली,
दार उघडं, निम्मी रिकामी.
चहा घेतला.
गाडी सुटली नव्हती.
चहा संपला. गाडी तरीही सुटली नव्हती.
प्रेम, संसार, सप्तपदी, काही म्हणजे काही आठवलं नाही.
आठवलं एवढंच की चार दहाला उजवी कूस आहे.

घरी पोचलो. नजमा म्हणाली, मघापासून दाराकडेच बघतायत.
शालन म्हणाली, मंगळवार.
तहानेचा नव्हता. दुखण्याचा नव्हता. रागाचा तर नव्हताच.
चोविसावा.
नंबर घातला, पुढे काही लिहिलं नाही.
तिच्या पाठीखाली हात घातला,
एक, दोन,
तिनेही चांगल्या हाताने गज धरला,
तीन.

मग वही भरली:
चार पंचवीस, उजवी. पंधरा मिनिटं लेट.
कारण, सवयीनेच लिहून गेलो, वाहतूक.
तिला वाचून दाखवलं.

मंगळवार, ती म्हणाली.

हा मात्र चांगला ओळखीचा. नंबर सात.
थापा मारू नका.